बोरी आधी जेवत नाही

योम माल्जाला आम्ही मावशी म्हणतो. गावातली म्हातारी माणसं तिला 'पट्ट्यावरची' म्हणतात. हाक कुणीही मारो, ती कमरेवर हात ठेवून आधी विचारते, "कोण मेलं?" माल्जा म्हणजे शेवटली. चार पोरींवर पाचवी पोरगीच झाली, तेव्हा बापानं देवाला दिलेली ती ताकीद होती. देवानं ताकीद काही मनावर घेतली नाही. सहावीही पोरगीच झाली. "तिला नाव ठेवायला बापाजवळ शब्दच उरला न्हाई," मावशी सांगते, "म्हईनाभर ती बिननावाचीच रडत व्हती."

मावशीचं गाव कोरियात, तेबेकच्या डोंगरात. कोळशाची खाण चालू होती तेव्हा ओढा काळा वाहायचा, आणि शाळेतली पोरं चित्रात ओढा काळाच रंगवायची. नवी बाई आली की तिला वाटायचं पोरं खोडसाळ आहेत. एक्याऐंशी साली मावशीचा नवरा सकाळी खाणीत उतरला तो तिथंच राहिला. छत बसलं. मावशी तेव्हा अठ्ठावीस वर्षांची, पदरात सहा वर्षांचा पोरगा. खाणीत मेलेल्याच्या बायकोला पट्ट्यावर काम मिळायचं. हे काम मागायला कुणी जात नसे. कामच दार शोधत यायचं.

पट्टा म्हणजे सरकता पट्टा. त्यावरून कोळसा आणि दगड एकत्र वाहत येतात, आणि दोन्ही अंगाला उभ्या बायका त्यातला दगड वेचून फेकतात. काळ्यातून काळं निवडायचं. धूळ एवढी की शेजारणीचे फक्त डोळे दिसायचे, आणि आवाज एवढा की कुणी कुणाला काही सांगायची सोयच नाही. नव्या बाईला जुन्या बाईशेजारी उभं करायचे, बस्स. तिचा हात कुठं जातो ते बघायचं. दहा-पंधरा दिवसांत आपला हातही तिथंच जायला लागतो. मावशीनं बारा वर्षं दगड वेचले. डाव्या हाताच्या मधल्या बोटाचं पेर त्या पट्ट्यानं ठेवून घेतलं. मग खाण बंद पडली, आणि ती स्वयंपाकाला लागली.

आम्ही तिच्या वाट्याला आलो ते त्यानंतर कितीतरी वर्षांनी. खाणीतली माणसं वर आल्यावर जिथं अंग धुवायची ती मोठी न्हाणी रिकामी पडून होती. आम्ही पाच जणांनी ती भाड्यानं घेतली आणि तिथं गेम बनवायला बसलो. भिंतीला अजून पांढऱ्या फरशा आहेत. जोरात बोललं की आवाज घुमतो, म्हणून आमच्यात भांडणं हळू आवाजात होतात. आमच्या कंपनीचा मालक बान ह्योंदो, चाळिशीतला, मनानं स्वच्छ आणि फोन वाजला की दचकणारा. कंप्यूटरला हुकूम लिहिते ती दान्बी, सव्वीस वर्षांची, केस हिरवे. चित्रं काढणारे दोघं. आणि मी. मी इथून दोन डोंगर पलीकडच्या गावचा. गेममधली माणसं काय बोलतात ते लिहितो. मावशी स्वयंपाकाला आली त्या पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "कुठला रं तू?"

मी गावाचं नाव सांगितलं.

"म्हंजी बटाट्या," ती म्हणाली. तिथं बटाट्याशिवाय दुसरं काही पिकत नाही हे खरंच आहे. तेव्हापासून माझं नाव ते.

आमचा गेम असा. जग संपलंय. आकाशातून राख पडायची थांबत नाही, शहरं ओस पडलीत, आणि खेळणाऱ्याच्या हाताला सात वर्षांची एक पोर आहे. तिचं नाव बोरी, म्हणजे सातू. तिला घेऊन डोंगरातून समुद्रापर्यंत चालत जायचं. वाटेत खेळणारा जसा वागेल तशी ती पोर घडेल. समुद्राशी पोचेपर्यंत ती कशी झाली असेल, हाच सगळा खेळ.

एका दुपारी मावशी उकडलेल्या बटाट्यांचं घमेलं घेऊन आली आणि दान्बीच्या मागं उभी राहिली.

"ह्या कोपऱ्यात काय वर-खाली हुतंय गं?"

"ते चांगुलपणाचे गुण, मावशी. म्हातारीला पाणी दिलं की पाच वाढतात. चोरी केली की दहा जातात. साठाच्या वर राहिले तर बोरी चांगली निघते."

"पोरगी हाय का परीक्षेचा पेपर?"

दान्बी हसली. मावशी हसली नाही. तिनं हातातला बटाटा स्क्रीनकडं रोखला. "ह्यो बाबा म्हातारीला पाणी देतोय. त्या टायमाला पोर कुठं बघतीय?"

आम्ही बघितलं. बोरी समोरच्या भिंतीकडं बघत होती. दोन वर्षं आम्ही ती पोर घडवत होतो. तिला डोळे होते, पापण्या होत्या, पापण्यांवर राखसुद्धा बसत होती. पण ती कशाकडंच बघत नव्हती. बघण्याची आम्हाला कधी गरजच पडली नव्हती. गुण होते ना.

"पट्ट्यावर मला कुणी गुण दिलं न्हाईत," मावशी म्हणाली. "शेजारणीचा हात बघून हात शिकला. तिला एक वाईट खोड व्हती, बारका दगड दिसला की सोडून द्यायची. ती बी मला लागली. त्यापायी मुकादमाच्या शिव्या खाल्ल्या मी. पोराचं तसंच असतंय. तू काय सांगतोस ते ऱ्हातंय बाजूला, ते तुझ्या हाताकडं बघतंय. आन् करून दाखवतंय कवा? तू पाठ फिरवलीस की."

एवढं बोलून ती घमेलं ठेवून भांडी घासायला गेली. दान्बी बराच वेळ बटाटा हातात धरून बसली. मग तिनं तो कोपऱ्यातला आकडा पुसून टाकला. बानसाहेबांचा चेहरा पांढरा पडला, कारण त्या आकड्यामागं दोन वर्षांचं काम होतं.

पुढचं वर्ष आम्ही बोरीला बघायला शिकवलं. ती खेळणाऱ्याचे हात बघते. जे बघते ते दोन दिवसांनी आपणहून करते, न सांगता. तिच्या हालचालींसाठी आम्ही मावशीच्या हातांना ठिपके चिकटवून ते कॅमेऱ्यात धरले. म्हणून बोरी भांडं उचलते ते मधलं बोट जरा वर ठेवून. खेळणारा अन्न शोधायला निघाला की ती त्याचे दुसरे जोडे उचलून टोकं आतल्या बाजूला करून ठेवते. खाणीतल्या माणसांच्या बायका असंच करायच्या, माणूस घराकडं परत यावा म्हणून. आणि बोरी बोलते आमच्या डोंगरातलं. 'नाही' म्हणत नाही, 'न्हाई' म्हणते. ते मी लिहिलं, आणि त्यातला एक शब्दही मी बदलायला देणार नव्हतो.

चमच्याचं मात्र कुणी ठरवलंच नव्हतं. जेवताना थोरल्यानं चमचा उचलल्यावरच धाकट्यानं उचलायचा, ही आमच्याकडची घराघरातली रीत, आणि दान्बीनं ती कधीतरी लिहून टाकली होती. आम्हाला कुणाला तो नियम आहे हेच कधी जाणवलं नाही. पाणी उताराकडं वाहतं हे कुणी मुद्दाम लिहून ठेवतं का?

सेऊलची एक कंपनी आमचा गेम बाजारात आणणार होती. त्यांनी तो आधी काही परक्या मुलखातल्या आणि काही सेऊलच्या एकट्यानं राहणाऱ्या पोरांना खेळायला दिला. बोरीचं बघणं त्यांना फार आवडलं. एकानं लिहिलं होतं, 'मी बोगद्यातल्या म्हातारीची औषधं चोरली आणि बोरीला म्हणालो, तिकडं बघ. दोन दिवसांनी तिनं झोपलेल्या माणसाचं पांघरूण ओढून आणलं आणि मला म्हणाली, तिकडं बघा. मी गेम बंद करून बाहेर फिरून आलो.' बानसाहेबांनी ते पत्र भिंतीच्या फरशीवर चिकटवलं.

पण त्याच गठ्ठ्यात दुसरी पत्रं होती. ती भल्या माणसांची. जे मिळेल ते त्यांनी बोरीला दिलं होतं आणि स्वतः उपाशी चालले होते. आणि बोरी भरल्या वाडग्यापुढं, हात मांडीवर ठेवून, सातव्या दिवशी मेली होती. वाट बघत. समोरच्यानं चमचा उचललाच नव्हता.

म्हणजे झालं असं, की चोराची पोर जगली, कारण चोर तिच्याबरोबर बसून पोटभर जेवत होता. आणि संताची पोर मेली.

कंपनीकडून प्यो सांगुक नावाच्या बड्या साहेबाचा फोन आला. बानसाहेब उभ्यानंच बोलले. फोन ठेवून म्हणाले, "दोन गोष्टी. बोरीला वाढलं की तिनं लगेच खायचं. आणि ते चांगुलपणाचे गुण परत लावायचे, म्हणजे भल्या माणसाला भलेपणाचं काहीतरी मिळेल. नाहीतर करारावर सही होणार नाही. गुरुवारी ते स्वतः येतायत."

"चमच्याचं दोन ओळींचं काम आहे," दान्बी म्हणाली. खाली बघून म्हणाली.

मावशी दारात उभी होती. हातात पळी. "त्या दोन वळींना हात लाव, आन् उद्यापास्नं तुझं जेवान तू रांध."

"मावशी," बानसाहेब काकुळतीला आले, "तुम्हाला गेममधलं कळत नाही हो."

"गेममधलं न्हाई कळत. पोरातलं कळतंय."

"अहो, पोर मरते! चांगल्या माणसाची!"

"चांगला न्हाई तो. खोटारडा हाय." पळीतून सार खाली ठिबकत होतं. "येऊ दे तुझ्या सायबाला. जेवायला ठेव त्याला."

गुरुवारी प्योसाहेब आले ते साडेचार तास गाडी चालवून. घाटात दरड आली होती, त्यामुळं सकाळपासून पोटात कॉफीशिवाय काही नव्हतं. पन्नाशीचे, इस्त्रीचे, बोलणं रेडिओवरच्या बातम्यांसारखं. बोरीचं बोलणं ऐकून आधी तेच म्हणाले, "ही भाषा जरा शुद्ध करता येईल का? गोड आहे, पण गावंढळ वाटते."

मी तोंड उघडणार तेवढ्यात मावशीनं आतून हाक मारली, "पान वाढलंय!"

मावशी आमच्याबरोबर कधी जेवत नाही. सगळ्यांचं झालं की स्वयंपाकघरात उभ्यानं उरकते. त्या दिवशी तिनं एक वाडगा जास्त मांडला आणि बैठ्या मेजाच्या टोकाला स्वतः येऊन बसली. नवा रंगीत झगा होता अंगात. मुळ्याच्या वाळल्या पाल्याचं सोयाबीनची पेस्ट घातलेलं सार, बटाट्याचे गोळे, भाजलेला मासा, आंबवलेल्या मुळ्याची धरून तीन तऱ्हेची किमची. भाताची वाफ प्योसाहेबांच्या चष्म्यावर बसली. त्यांनी चष्मा पुसला, हात चोळले आणि मावशीकडं बघितलं. आम्हीही बघितलं. तिथं सगळ्यात थोरली ती होती, अडुसष्टची.

मावशीनं हात मांडीवर ठेवले.

"जेवा," ती म्हणाली. "मी जेवले."

तिच्यापुढचा वाडगा काठोकाठ भरलेला होता. चमचा शेजारी तसाच.

कुणी हललं नाही. प्योसाहेब हसले. "घ्या ना, मावशी. आपल्या हातानं सुरुवात होऊ द्या."

"माझं झालंय म्हनले की. तुमी घ्या. लांबनं आलाय."

"छे छे, आपण थोडं तरी..."

"नगं. तुमाला कमी पडंल."

मासा गार व्हायला लागला. बानसाहेबांचं पोट वाजलं आणि त्या फरशांच्या खोलीत ते भलतंच घुमलं. दान्बी ओठ चावत होती. प्योसाहेबांचा हात चमच्यापाशी गेला, टेकला आणि परत आला. दुसऱ्यांदाही तसंच झालं. त्यांनी घड्याळ बघितलं, साराकडं बघितलं, कपाळावरचा घाम पुसला. त्यांच्याएवढा मोठा माणूस, शंभर जण हाताखाली, आणि पुढ्यातला भात खाता येत नव्हता. सारावर साय धरली तेव्हा मात्र त्यांची ती रेडिओची भाषा एकदम फाटली.

"आवं मावशे, खा की आता! जीव घेतीस काय!"

मी बानसाहेब सोडून सगळ्यांकडं बघितलं. त्यांच्याकडं बघायची सोय नव्हती, ते तोंडावर हात धरून हसू दाबत होते. प्योसाहेबही कुठल्यातरी खेड्यातलेच होते तर.

मावशी सरळ त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "का? तुला वाढलंय की. कुनी हात धरलाय तुजा? माझ्यापायी काय अडलंय?"

"तुमच्या आधी कसं खाणार?"

"आन् तू पन्नाशीचा बाप्या. ती सात वर्साची हाय."

साहेबांनी चष्मा काढून वाडग्याशेजारी ठेवला.

"माझा नवरा गेला तवा माझं पोरगं सहा वर्साचं," मावशी म्हणाली. आवाज मुकादमाला जाब देताना असावा तसा. "घरात एकाचाच भात. मी सगळा त्याला वाढायची आन् म्हनायची, मी पट्ट्यावर जेवले. लई मोटी माउली! त्ये माझ्या तोंडाकडं बघायचं. दोन घास खायचं, वाडगा सारायचं, म्हनायचं, शाळंत जेवलो. शाळंत काय मिळत नव्हतं. म्हाईत व्हतं मला. मी खोटं, त्ये खोटं, आन् मधी भात गार. आता उल्सानला क्रेन चालवतंय. पोटात आग पडायची ती बायकूला बी सांगितली न्हाई, 'जेवलो, बरा हाय.' पडलं तवा कळलं. अर्धं पोट कापून काढलं डाक्टरनी. चोरी न्हाई शिकवली मी त्याला, शिवी न्हाई शिकवली. ह्ये शिकवलं. उपाशी ऱ्हाऊन. आन् तू म्हनतोस, त्याचं गुण द्या."

मग तिनं चमचा उचलला, भाताचा हा एवढा घास घेतला, त्यावर मुळ्याची फोड टाकली आणि कचाकचा चावली.

आम्ही भातावर तुटून पडलो. प्योसाहेबांनी दोन वाडगे खाल्ले, साराचं भांडं वाकडं करून निपटलं. बराच वेळ नुसते चमचे वाजत होते. सगळं झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं, आणि भाषेला परत इस्त्री मारली.

"मावशी, मला पटलं. खरंच पटलं. पण कंपनीला पटणार नाही. लोकांना भलेपणाचं बक्षीस लागतं."

"मग कंपनीला जेवायला आन."

ते हसले, पण कराराचा कागद त्यांनी पिशवीतून काढला नाही. बानसाहेबांकडं बघत राहिले. आम्हीही त्यांच्याकडंच बघत होतो. फोन वाजला की दचकणारा हा माणूस. बानसाहेबांनी चमचा वाडग्यावर नीट आडवा ठेवला.

"काढणार नाही," ते म्हणाले. मग जरा मोठ्यानं, घुमण्याची पर्वा न करता, "चमचा काढणार नाही. गुण लावणार नाही. आणि ती 'न्हाई'च म्हणेल."

साहेब गेले. सही गेली. चित्रं काढणारे दोघंही महिन्याभरात सेऊलला गेले. त्यांना दोष नाही, त्यांची घरं होती. उरलो आम्ही तिघं आणि मावशी. गेम आम्ही आमच्या हातानंच बाहेर काढला, पुढच्या हिवाळ्यात. न्हाणीत शेगडी एकच होती. तिच्याभोवती कंप्यूटर आणि पाय दोन्ही ठेवून काम चाललं.

मग तक्रारी यायला लागल्या. रोज. 'बोरी बिघडली आहे.' 'वाडगा भरलेला आहे तरी खात नाही, दुरुस्त करा.' 'मी तिच्यासाठी सगळं दिलं आणि तुम्ही तिला मारलंत, हरामखोरांनो.' दान्बी पहिल्यांदा प्रत्येकाला लांबलचक समजावत बसायची. मावशीनं एक दिवस मागं उभं राहून ते वाचलं.

"एवढं कशाला लिवतीस? लिव. 'बोरी बिघडलेली न्हाई. तुमी जेवला न्हाईत.'"

"एवढंच?"

"मग काय, फोडणी घालू?"

तेव्हापासून तेच उत्तर जातं. शिव्या देणाऱ्याला तेच, रडणाऱ्यालाही तेच. काही जण त्यावर आणखी शिव्या देतात. काही जण गेम फेकून देतात. आणि काही जण दोन-चार दिवसांनी परत लिहितात. बहुतेकांचं एकच वाक्य असतं, की खाल्लं तिनं. एकानं पुढं लिहिलं होतं, की अर्धा बटाटा होता, मी एक घास घेतला, आणि मग तिनं एवढ्या घाईनं खाल्लं की मला लाज वाटली. मावशीला मी ते वाचून दाखवलं. ती म्हणाली, "वाटू दे," आणि लसूण सोलत राहिली.

तिनं स्वतः तो गेम एकदाही खेळलेला नाही. खेळणारही नाही. "ती पोर जगली का मेली ते त्येच्या त्येला," म्हणते. "मला माझं निस्तरायचंय."

रविवारी दुपारी उल्सानहून पोराचा फोन येतो. मावशी तो स्वयंपाकघरात घेते, आणि मधलं दार आम्ही बंद करत नाही. फोनचा आवाज तिनं मोठा करून ठेवलाय, पट्ट्यानं कान गेलेत.

"जेवलास का?"

"जेवलो, आई. तू?"

परवापर्यंत इथं तीही म्हणायची, जेवले. चाळीस वर्षं दोघं एकमेकांना हेच सांगत आलेत.

"न्हाई जेवले," मावशी म्हणाली. "आन् तू बी न्हाई जेवलास. काय हाय पुढ्यात?"

तिकडं भांड्याचं झाकण वाजलं. मग क्रेन चालवणाऱ्या सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाचा आवाज, जरा चोरटा. "भात आहे. गार झालाय. नंतर..."

"नंतर न्हाई. हितं बी भात हाय. थांब. ऐक."

तिनं फोन तोंडाला लावला, मुळ्याची फोड उचलली आणि एवढ्या जोरात चावली की न्हाणीभर ऐकू गेलं.

"ऐकलंस? आता तू."

आम्ही तिघंही हातातलं काम थांबवून बसलो. आणि मग फोनमधून, दीड-दोनशे किलोमीटरवरून, चमचा वाडग्याला लागल्याचा आवाज आला.

"चाव नीट," मावशी म्हणाली. "अर्धंच पोट हाय तुला."